एका घरातल्या चार सायकली

ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, आमच्या पापाकुराच्या घरात प्रत्येकाकडे एक खातं होतं. सुशांतकडे पोळ्या, कल्याणीकडे घरमालकाशी फोनवर गोड बोलणं, इरावतीकडे कचऱ्याचे डबे, म्हणजे कुठल्या आठवड्यात कुठल्या झाकणाचा डबा रस्त्यावर न्यायचा हे लक्षात ठेवणं. माझ्याकडे फॉर्म. बँकेचे, लायब्ररीचे, विजेच्या कंपनीचे, जे येतील ते. चौघांचे युनिव्हर्सिटीचे लॉगिन आणि पासवर्ड एका कागदावर लिहून फ्रिजवर किवीच्या मॅग्नेटखाली लावले होते. सोयीसाठी. पाहुणे आले की सुशांत त्यावर दुधाची यादी लावायचा, तेवढीच आमची सायबर सुरक्षा.

एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीचा मेल आला. किआ ओरा, म्हणजे नमस्कार, पर्यावरणाच्या दृष्टीने तुम्ही कॅम्पसला कसे येता हे आम्हाला जाणून घ्यायचं आहे, बारा मिनिटं लागतील. मी अकरा मिनिटांत चौघांचे भरले.

आता फॉर्म भरायचा म्हणजे काय, हे मी पुण्यात शिकलो होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरण हा विषय सक्तीचा असतो, आणि त्याचा प्रोजेक्ट सगळा वर्ग एका संध्याकाळी एकाच जर्नलवरून उतरवतो. मी कधीही न पाहिलेल्या एका नदीच्या प्रदूषणावर चाळीसपैकी अडतीस मिळवले होते. तेव्हापासून मला कळलं होतं की 'पर्यावरण' हा शब्द असलेल्या कागदावर जे घडतं ते लिहायचं नसतं, तपासणाऱ्याला जे आवडेल ते लिहायचं असतं. कोणी वाचत नाही. वाचलं तर खूश होतात.

म्हणून मी लिहिलं की आम्ही चौघं सायकलने येतो. पापाकुरापासून कॅम्पसपर्यंत, एकवीस किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. शेवटी 'सूचना' असा एक चौकोन होता आणि पन्नास शब्द झाल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नव्हता. पन्नास शब्द भरताना माणूस काय काय लिहितो. मी लिहिलं की ओटाहुहू स्टेशनवरून कॅम्पसला जी मोफत शटल जाते ती विद्यार्थ्यांना आळशी बनवते, ती बंद करून सायकलींना उत्तेजन द्यावं. मग ते चारही फॉर्ममध्ये पेस्ट केलं. कल्याणीच्या फॉर्ममध्ये 'आळशी'च्या जागी 'परावलंबी' घातलं, कारण तिची भाषा चांगली आहे.

त्यानंतर रोजच्यासारखा ट्रेनने ओटाहुहूला उतरलो आणि त्याच शटलमध्ये बसून कॅम्पसला गेलो.

शटल म्हणजे बारा सीटची एक पांढरी व्हॅन. चालवायला सिओने, मूळचा टोंगा बेटांवरचा, खांदे एवढे रुंद की तो बसला की पुढच्या दोन्ही सीट्स भरल्यासारख्या वाटायच्या. इरावतीला तो ईरा म्हणायचा आणि ती प्लॅटफॉर्मवरून येताना दिसली तर अर्धा मिनिट थांबायचा. आमचा कॅम्पस गोदामांच्या आणि कंटेनर यार्डांच्या मधोमध आहे. तिथे सार्वजनिक बस जात नाही. स्टेशनपासून साडेतीन किलोमीटरचा एक रस्ता आहे, पण मोटरवेच्या खाली त्याला आठशे मीटर फुटपाथच नाही. एक पांढरी रेषा आहे आणि तिच्या पलीकडून ट्रक जातात. सुरक्षित रस्ता सहा किलोमीटरचा आहे, वळसा घालून.

हे सगळं मला माहीत होतं. फॉर्ममध्ये ते विचारलं नव्हतं.

जुलैत दुसरं सेमिस्टर सुरू झालं. पहिल्याच सोमवारी शटलच्या स्टॉपवर एक पोस्टर लागलं होतं. वर मोठ्या अक्षरात: तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं. खाली ऑकलंडचा नकाशा, त्यावर विद्यार्थी कुठून कसे येतात याच्या रेषा. बहुतेक रेषा धाग्यासारख्या. एकच रेषा अंगठ्याएवढी जाड, हिरवी, पापाकुरापासून थेट कॅम्पसपर्यंत. दक्षिणेकडून फक्त एकतीस जणांनी फॉर्म भरले होते, आणि एवढं लांब अंतर सायकलने कापणारे आम्ही चौघंच निघालो. मी स्टॅटिस्टिक्स शिकतो. नमुना लहान असला की एक घर म्हणजे लोकमत होतं, हे मला त्या नकाशासमोर जितकं नीट कळलं तितकं वर्गात कधी कळलं नव्हतं.

रेषेच्या खाली लिहिलं होतं की दोन आठवड्यांनी शटल बंद होईल.

इरावती माझ्या शेजारी उभी राहून ते वाचत होती. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली की पापाकुरातून कोण सायकलने येतं, आपल्याला एकही कधी दिसला नाही. मी म्हणालो की लवकर निघत असतील.

इथे इरावतीबद्दल सांगायला हवं. ती साताऱ्याची, औषधनिर्माणाचं दुसरं वर्ष. बारावीत असताना तिला दोनदा फिट आली होती आणि तेव्हापासून गोळ्या चालू होत्या. गाडी चालवायची नाही, सायकल चालवायची नाही, एकटीने पोहायचं नाही, आणि झोप मोडायची नाही. डॉक्टरांनी शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त जोर दिला होता. आठवड्यातून चार दिवस तिची आठ वाजता लॅब असे. आठ वाजून पाच मिनिटांनी लॅबचं दार आपोआप लॉक होई. सेमिस्टरमध्ये तीनदा बाहेर राहिलं की विषय गेला, विषय पुन्हा घ्यायचा म्हणजे वर्ष गेलं, आणि तिचा व्हिसा बरोबर त्या वर्षापुरता होता. संध्याकाळी ती एका फार्मसीत नऊपर्यंत काम करायची. घरी येऊन जेवून झोपायला अकरा. सकाळी सव्वासहाला उठून सातची ट्रेन धरली की साडेसातची शटल मिळायची. त्या वेळापत्रकात मुंगी शिरायला जागा नव्हती.

सहा किलोमीटर चालायचं तर तिला पाचच्या आत उठावं लागलं असतं. टॅक्सी रोज परवडणारी नव्हती. सुशांतकडे गाडी होती, पण त्याची इंटर्नशिप नेमकी विरुद्ध दिशेला. मंगळवारी तेवढा तो सोडू शकत होता. जेवताना हे सगळं बोलून झालं. कल्याणी म्हणाली की ज्यांनी असले फॉर्म भरलेत त्यांना रोज पापाकुरातून सायकलने पाठवायला पाहिजे. मी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी प्रवास विभागात गेलो.

हा विभाग तळघरात आहे. पूर्वी तिथे पार्किंग होतं. गाड्यांना परावृत्त करायचं म्हणून पार्किंग बंद केलं आणि जागा ज्या लोकांनी बंद केलं त्यांनाच दिली. जमिनीवरचे पिवळे पट्टे तसेच आहेत. प्रत्येकाचं टेबल एका चौकोनात बरोबर मध्यभागी लावलेलं, आणि लोक खुर्च्या मागे घेताना आधी वळून बघतात. सत्तेचाळीस नंबरच्या चौकोनात विवेक शेलार बसले होते. मूळचे कऱ्हाडचे. इथेच शिकायला आले आणि अकरा वर्षांत इथलेच झाले. आवाज अगदी मऊ. त्यांनी मला चहा दिला, ड्रॉवरमधून भडंगाचा डबा काढला आणि ये रे बस म्हणाले, जणू मी वाढदिवसाला आलो होतो.

मी सुरुवात केली की विवेकदादा, एक गडबड झालीय. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर आमचे चार फॉर्म उघडेच होते.

"एकाच मोबाइलवरून," ते म्हणाले, "अकरा मिनिटांत. चौघंही रोज एकवीस किलोमीटर. आणि तुमच्यातली सगळ्यात फास्ट ती इरावती. छप्पन्न मिनिटं."

मी विचारलं की म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

"फॉर्मांमध्ये मिळून चारशे बारा सायकली आहेत. स्टँडवर नऊ. त्यातल्या दोन फक्त चाकं." त्यांनी भडंगातला एक शेंगदाणा वेचला. "सगळेच चांगलं चांगलं लिहितात रे. तुझं जरा जास्त चांगलं होतं."

मी म्हणालो की मग ते खोटं आहे असं धरा ना. त्यांनी भडंगाचा डबा माझ्याकडे सरकवला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी समजावलं. फॉर्म खरा धरूनच पुढे जावं लागतं. त्याच्यावर अहवाल झालाय, अहवालावर सही झालीय, सहीवर सायकली खरेदी झाल्यात. फॉर्म मागे घेता येतो, त्यालाही फॉर्म आहे. पण चार फॉर्म चार जणांच्या खात्यांतून आलेत. मागे घेतले की चार जणांनी खोटी माहिती दिली असं होतं. चार चौकश्या. त्यात पासवर्ड दुसऱ्याला दिला हा वेगळा गुन्हा. चौकशी चालू असताना व्हिसाचं पत्र युनिव्हर्सिटी देत नाही.

"त्या मुलीचंही नाव येणार," विवेकदादा म्हणाले. "तू कर काय करायचं ते. मी अडवणार नाही."

निघताना ते म्हणाले की दुसरा मार्ग सोपा आहे, फॉर्ममध्ये आहे तसं करायला लागायचं. मी हसलो. ते हसले नाहीत. माझा पत्ता त्यांच्याकडे होताच.

शटल बंद व्हायच्या आदल्या शनिवारी दुपारी घरासमोर सिओनेची व्हॅन येऊन उभी राहिली. त्याने मागचं दार उघडलं आणि चार हिरव्या सायकली लॉनवर ओळीने लावल्या. प्रत्येकीच्या दांड्यावर नावाची पट्टी. चार पांढरी हेल्मेटं, त्यांच्यावरही नावं. सिओनेने आमच्याकडे पाहिलं नाही. फोनवर सही घेतली, आणि जाताना इरावतीला सॉरी, ईरा, एवढंच म्हणाला.

सुशांत सायकलभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला की काहीतरी लकी ड्रॉ लागलाय. कल्याणी म्हणाली की फुकट आलंय म्हणजे काहीतरी परत द्यावं लागणार. इरावतीने दांड्यावरची पट्टी वाचली. ती तिच्या नावाच्या सायकलसमोर उभी होती. मग ती माझ्याकडे वळली.

"फॉर्म तू भरलेस ना?"

"हो."

"माझ्यात काय लिहिलंस?"

"सायकल."

"स्टेशनपासून?"

"घरापासून."

तिने लॉनवरून रस्त्याकडे पाहिलं, जणू एकवीस किलोमीटर तिथूनच दिसतात.

"मला काय होतं ते तुला माहीत होतं."

"होतं. पण लिहिताना तू डोक्यात नव्हतीस. फॉर्म होता."

मला वाटलं ती ओरडेल. ती आत गेली आणि बुधवारच्या कचऱ्याचे डबे शनिवारीच रस्त्यावर नेऊन ठेवले. चारही. ते परत आणायला मी गेलो तेव्हा शेजारची बाई खिडकीत उभी होती.

सायकलींबरोबर एक अॅप आलं होतं. ते आमच्या खात्यांना आपोआप जोडलं गेलं होतं. सोमवारी सकाळी सहाला चौघांचे फोन एकदम वाजले. माझ्यावर आलं: नितीश, आज हवा छान आहे. साडेसहाला आलं: नितीश, अजून निघाला नाहीस. पावणेसातला आलं: नितीश, सगळं ठीक आहे ना? खाली 'टीम' अशी सही होती. सुशांत म्हणाला की त्याच्या आईनंतर एवढी चौकशी प्रथमच कोणीतरी केली. त्याने फोन उशीखाली ठेवला. उशीखालून तो वाजतच राहिला.

त्या सोमवारपासून शटल बंद झाली. मी आणि इरावती सातच्या ट्रेनने ओटाहुहूला उतरलो. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं. स्टॉप होता, पोस्टर होतं, आणि बरोबर साडेसातला पांढरी व्हॅन आली.

मला वाटलं, झालं, काहीतरी चूक त्यांनी दुरुस्त केली. इरावतीने हात केला. व्हॅन थांबली नाही, पण हळू झाली, आणि उजेडात आतलं दिसलं. सीट्स काढून टाकल्या होत्या. आत बारा सायकली उभ्या होत्या, पट्ट्यांनी बांधलेल्या, व्यवस्थित. सिओने समोर बघत होता.

नंतर कळलं त्याचा उलगडा असा. युनिव्हर्सिटीने दोन आठवडे आधीच कॅम्पसवर आणि स्टेशनवर फुकटच्या सायकली ठेवल्या होत्या. कॅम्पस चढावर आहे, स्टेशन उतारावर. संध्याकाळी लोक उतारावरून सायकली मजेत खाली आणायचे आणि स्टेशनवर सोडायचे. सकाळी चढावर कोणीच न्यायचा नाही. म्हणून सकाळी सायकली स्टेशनवरून कॅम्पसला पोचवायला गाडी लागू लागली. गाडी होतीच, ड्रायव्हर होताच, वेळही तीच ठेवली. फक्त माणसं घ्यायची नाहीत. विमा सायकलींचा होता, आणि आत कॅमेरा बसवला होता.

म्हणजे रोज साडेसातला आमची शटल आमच्यासमोरून कॅम्पसला जायची. आत बारा जागा, बारा सायकली, आणि रस्त्यावर आम्ही.

त्या दिवशी मी म्हणालो की जवळच्या रस्त्याने जाऊ. ती नको म्हणाली. आम्ही लांबच्या रस्त्याने जवळजवळ धावलो. लॅबच्या काचेच्या दाराशी पोचलो तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता. आतल्या मुली पांढऱ्या कोटांत वाकून काहीतरी मोजत होत्या. इरावतीने दार ढकलून पाहिलं नाही. तिने वहीत 'एक' असं लिहिलं.

पुढच्या दिवशी मंगळवार होता, सुशांतने सोडलं. बुधवारपासून ती पाचच्या आत उठू लागली. मीही उठायचो. तिने ये म्हटलं नव्हतं, नकोही म्हटलं नव्हतं. ती पुढे, मी दहा पावलं मागे, गोदामांच्या कुंपणांच्या कडेने. यार्डातले कुत्रे तिच्यावर भुंकत नसत. माझ्यावर भुंकत. फोन खिशात वाजत राहायचा की नितीश, तू सायकलपेक्षा हळू जातोयस.

दुसऱ्या आठवड्यात एकदा पावसामुळे सहा मिनिटांनी दार गेलं. वहीत 'दोन' झालं. मी म्हणालो की इरावती, फार्मसी सोड थोडे दिवस. ती म्हणाली की फार्मसी सोडली तर भाडं तू भरणार आहेस का फॉर्ममध्ये.

त्या गुरुवारी लॅबमध्ये ते झालं. तिने स्वतः मला सांगितलं नाही, तिच्या पार्टनरने सांगितलं. इरावतीच्या हातात भरलेली नळी होती आणि ती बोलता बोलता थांबली. पडली नाही, थरथरली नाही. उभीच, डोळे उघडे, आणि अर्धा मिनिट ती तिथे नव्हती. नळी हातातून सुटून फुटली तेव्हाही तिने खाली पाहिलं नाही. मग ती परत आली आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. पार्टनरला वाटलं की झोप झाली नसेल.

झोप झाली नव्हतीच.

घरी ती स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होती. मी विचारलं की फिट परत आली का. तिने मान डोलावली. किती वर्षांनी, विचारलं. चार, म्हणाली. साताऱ्याला फोन केलास का? नाही. आईने तिकीट काढलं असतं, परतीचं, आणि ते शेवटचं असतं.

मी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसलो आणि फॉर्म मागे घेण्याचा फॉर्म उघडला. त्यात कारण विचारलं होतं. मी लिहिलं की सुशांत, कल्याणी आणि इरावती या तिघांची खाती मी त्यांच्या नकळत उघडली, पासवर्ड चोरले, आणि त्यांच्या नावाने खोटी माहिती भरली. खाली त्या तिघांच्या सह्या लागत होत्या की त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सुशांत आणि कल्याणीने वाचलं आणि मुकाट्याने सही केली. सुशांत म्हणाला की जेवून घे आधी. इरावतीने लॅपटॉप स्वतःकडे ओढून सगळं शेवटपर्यंत वाचलं.

"पासवर्ड मी दिला होता," ती म्हणाली.

"दिला नव्हतास. मी चोरला."

"फ्रिजवरून?"

"फ्रिजवरून. तू झोपलेली असताना."

"हे लिहिलं तर तुला काढतील."

"बघतील आधी. काढायलाही त्यांना फॉर्म लागेल."

ती हसली नाही. "मला खोटं लिहायचं नाहीये, नितीश."

"तुझ्या नावावर एकवीस किलोमीटरचं खोटं आधीच आहे. रोजचं. हे दोन ओळींचं आहे."

कल्याणी उठून फ्रिजपाशी गेली, तो कागद काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि सिंकमध्ये भिजवले. त्या जागी मॅग्नेटखाली दुधाची यादी लावली. इरावती सिंककडे बघत राहिली. मग तिने बोटाने स्क्रीनवर सही केली. तिची सही नेहमी लांबलचक असते. ही अगदी आखूड होती.

मी बटण दाबलं. स्क्रीनवर आलं: धन्यवाद, नितीश. तुमचा प्रामाणिकपणा आम्हाला मोलाचा वाटतो. एका मिनिटाने मेल आला, चौकशी समितीचा. तारीख पुढच्या गुरुवारची, वेळ सकाळी साडेआठची. विषयात माझं नाव होतं आणि नावापुढे 'प्रकरण'.

दुसऱ्या दिवशी एक माणूस व्हॅन घेऊन आला. सिओने नव्हे, दुसराच. त्याने चारही सायकली पुरावा म्हणून नेल्या. सायकलींनी काय केलं होतं, मला कळलं नाही. हेल्मेटं यादीत नव्हती, म्हणून ती इथेच राहिली.

त्याच दुपारी विवेकदादांचा फोन आला. तोच मऊ आवाज. म्हणाले की आता तुमच्या घरातून सायकलने कोणी येत नाही असं झालंय, मग तिच्या फॉर्मची जागा रिकामी राहिली, आणि रिकामी जागा मला चालत नाही. डॉक्टरांचं पत्र असेल तर 'पडताळलेली गरज' असा एक रकाना आहे, आजवर कोणी भरला नव्हता. मी थँक यू म्हणालो. ते म्हणाले की थँक यू नको, तुझ्यासाठी रकाना नाही हे सांगायला फोन केलाय. मग थोडं थांबून म्हणाले की समितीसमोर जोक करू नकोस. एकाने केला होता. कुठे असतो तो आता, मी विचारलं. फोन ठेवला गेला होता.

इरावतीच्या डॉक्टरांनी पत्र दिलं, गोळी वाढवली, आणि गुरुवारपर्यंतचे दिवस घरी काढायला लावले. त्या दिवसांची रजा लॅबने मान्य केली, कारण आता तिच्याकडे कागद होता.

गुरुवारी आम्ही दोघं सातच्या ट्रेनने निघालो. तिची व्हॅनमधली जागा मंजूर झाली होती, आणि मला सिओने कसंतरी आत घेईल असं मी धरून चाललो होतो. डब्यात ती खिडकीशी बसली होती आणि काचेत आमच्या दोघांचे चेहरे गोदामांवरून सरकत होते. ती म्हणाली की सही करताना तिला भीती माझी वाटली नाही, सोपं वाटलं याची वाटली.  मी म्हणालो की पहिल्यांदा अवघड असतं. मग मलाच ते आवडलं नाही.

साडेसातला व्हॅन आली आणि थांबली. सिओने उतरला. त्याच्या हातात एक कागद होता, त्यावर एकच नाव. आत एक सीट परत बसवली होती, बरोबर मध्ये, नवीन बेल्ट लावलेली. बाकी अकरा जागी सायकली. सिओनेने दोन सायकली हाताने मागे दाबून धरल्या आणि इरावती त्यांच्यामधून आत गेली. बसल्यावर तिचा फक्त चेहरा आणि एक खांदा दिसत होता, चाकांच्या मधून. तिने बेल्ट लावला. वर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

मी सिओनेला विचारलंसुद्धा नाही. त्यानेच सांगितलं की भावा, यादीत तू नाहीस.  मी स्वीट अॅज म्हणालो, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही.

"तू कसा जाणार?" इरावतीने आतून विचारलं.

"चालत."

"कुठल्या रस्त्याने?"

मी घड्याळ पाहिलं. साडेआठला समिती होती, आणि उशिरा आलेल्याचं म्हणणं ते ऐकत नाहीत असं मेलमध्ये ठळक केलं होतं. लांबच्या रस्त्याने सव्वा तास, स्टेशनवरच्या सायकली सगळ्या व्हॅनमध्ये, आणि टॅक्सीपुरते पैसे खात्यात नव्हते.

"लांबच्या," मी म्हणालो.

 तिला बेरीज येते. ती बेल्ट सोडायला लागली तेवढ्यात सिओनेने दार सरकवलं, आणि व्हॅन निघाली. आठच्या आत ती लॅबमध्ये पोचणार होती. एवढं माझ्या हातून झालं होतं.

मी जवळच्या रस्त्याला लागलो. पहिला किलोमीटर फुटपाथ होता, मग गवत, मग ते मोटरवेखालचं तोंड आलं. आत दिवे होते पण अर्धे बंद. पांढरी रेषा भिंतीपासून हातभर अंतरावरून जात होती आणि मी त्या हातभर जागेत अंग तिरकं करून चालू लागलो, खांदा भिंतीला घासत. पहिला ट्रक गेला तेव्हा त्याच्या हवेने जॅकेट वर उचललं. दुसरा गेला तेव्हा मी थांबलो. फोन वाजला. अॅप माझ्या खात्यातून कोणी काढलं नव्हतं. नितीश, तू थांबलास, त्यात लिहिलं होतं. सगळं ठीक आहे ना?

मी उत्तर द्यायला अंगठा ठेवला. खाली दोनच पर्याय होते, 'हो' आणि 'हो, धन्यवाद'.

मागून तिसऱ्या ट्रकचा आवाज आला, बोगद्यात तो सगळीकडूनच येतो. मी फोन खिशात टाकला आणि समितीला सांगायची वाक्यं मनात म्हणत चालायला लागलो. पासवर्ड मी चोरले. त्यांना ठाऊक नव्हतं. पन्नास पावलांवर भिंत पुढे आली होती, आणि तिथून पुढे रेषेच्या आत जागाच उरली नव्हती.